खाकी खिशातल्या टिकल्या

अण्णा एसटीत कंडक्टर होते, कऱ्हाड डेपोला. चिपळूणची गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण. तिथं मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. ते घरी आले की आई त्यांचा खाकी शर्ट भिजत घालण्याआधी अंगणात न्यायची, खिसे उलटे करायची आणि झटकायची. त्यातून टिकल्या पडायच्या. तिकिटाला पंच मारल्यावर जो इवलासा गोल तुकडा निघतो ना, त्या टिकल्या. तेव्हा वेगवेगळ्या किमतीची तिकिटं वेगवेगळ्या रंगांची असत. शेणानं सारवलेल्या अंगणात गुलाबी, पिवळ्या, फिकट हिरव्या ठिपक्यांचा सडा पडायचा. मी बोट ओलं करून एकेक टिकली टिपायचे आणि काडेपेटीत भरून ठेवायचे.

माझं पहिलं चित्र त्या टिकल्यांचं. वहीच्या पुठ्ठ्यावर भाताच्या शितानं चिकटवलेलं. मिश्र माध्यम हा शब्द त्यानंतर वीसेक वर्षांनी माझ्या कानावर पडला.

पूर्ण तिकीट हवं असायचं, पण ते अण्णांकडून कधीच मिळालं नाही. न विकलेलं तिकीट म्हणजे रोख पैसा, ट्रेमधल्या एकेका तिकिटाचा हिशोब वे-बिलावर द्यावा लागतो, हे त्यांनी मला बसवून समजावलं होतं. मग मी स्टँडवर गाडी रिकामी झाली की सीटखाली पडलेली तिकिटं गोळा करायचे. कुणाच्या मुठीत चुरगळलेली, कुणी दातांनी कुरतडलेली, एखाद्यावर पेनानं केलेली बेरीज. कोरं तिकीट मिळालं नाही ते बरंच झालं. आजही माणसाच्या हातातून गेलेला कागद दिसला की माझा पाय थबकतो, आणि दुकानातला कोरा रंगीत कागद कितीही सुंदर असला तरी तो मी उचलत नाही.

दुसरी शिकवण आईच्या वाकळीची. उन्हाळ्यात सोप्यात लुगडी अंथरून ती शेजारणींबरोबर वाकळ शिवायला बसायची. वर त्यातल्या त्यात धड लुगडं, आत अण्णांचे विरलेले शर्ट, आमचे फ्रॉक, उशीचे अभ्रे. कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्याकडे यायचं. मी एकदा विचारलं होतं, आत कुणाला दिसत नाही तर रंग जुळवून कशाला घालतेस? ती म्हणाली, "दिसत नसलं म्हणून काय झालं, ऊब त्याचीच लागती. आन् आत जुनंच लागतंय पोरी, नवं कापड टोचतंय." आता माझ्या कामात चार-पाच थर असतात आणि बघणाऱ्याला त्यातले दोनच दिसतात. बाकीचे मी त्याच काळजीनं लावते.

पुढे ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करताना ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात पिकासोचं १९१२ सालचं एक चित्र पाहिलं. वेताच्या विणकामाची खुर्ची त्यानं रंगवलीच नव्हती. तसं विणकाम छापलेला ऑइलक्लॉथचा तुकडा सरळ चित्रात चिकटवला होता आणि चौकटीच्या जागी भोवती दोरखंड गुंडाळला होता. मी कितीतरी वेळ त्या पानावर बसून राहिले. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑइलक्लॉथच होता. घरातली वस्तू चित्रात येऊ शकते आणि येताना तिला आपलं वस्तूपण सोडावं लागत नाही, हे मला त्या पानानं सांगितलं. त्या आठवड्यात मी काडेपेटी पुन्हा उघडली.

गेली तीन वर्षं एकच मोठं काम चालू आहे, कऱ्हाड ते चिपळूण. नऊ फूट लांब पट्टा. खाली आईचं सुती लुगडं, त्यावर हातकागद. हा कागद मी पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणते. १९४० साली सुरू झालेली ही संस्था सुती चिंध्यांपासून कागद करते, आणि त्या कागदाला सुई सोसते, तो फाटत नाही. रंग मातीचे. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तिथला काळपट गाळ पट्ट्याच्या एका टोकाला. पाटण सोडलं की माती हळूहळू तांबूस होत जाते आणि घाट उतरला की जांभ्याची लाल माती लागते. प्रत्येक थांब्यावरची ओंजळभर माती मी आणली आहे, बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी घराच्या पायासाठी खणलेल्या ढिगातली. ती कुटायची, फडक्यातून चाळायची, पाण्यात कालवून ठेवायची. जड खडे तळाला बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते निवळू द्यायचं, असं तीन-चार वेळा. शेवटी जो लोण्यासारखा गाळ उरतो त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला येतो, जास्त झाला तर तडकतो. याला माप नाही. प्रत्येक मातीची भूक वेगळी असते, ती तुकड्यावर लावून बघूनच कळते.

चिकटवायला खळ. इथं मी एकदा फार मोठं नुकसान सोसलं आहे. सुरुवातीच्या काळातलं एक काम, जुन्या लग्नपत्रिका आणि साडीचे काठ वापरून केलेलं, साध्या मैद्याच्या खळीनं चिकटवून एका ओळखीच्या घरी दिलं होतं. दोन पावसाळ्यांनी बघायला गेले तर कसर लागून पत्रिकांची जाळी झाली होती. त्या घरच्यांनी शब्दानंही बोलून दाखवलं नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. मग गावातल्या एका बाइंडरकाकांच्या दुकानात चार दुपारी बसून खळ शिकले. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक चमक येईपर्यंत शिजवायची आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद. मोरचुदानं कीड लागत नाही. ते विषारी असतं, म्हणून त्याचं भांडं वेगळं, ते स्वयंपाकघरात जात नाही.

फेविकॉल मी वापरते, पण कापड आणि जड वस्तूंपुरता. कागदाला खळच. तो तुकडा तिथं शोभत नाही असं महिन्याभरानं वाटलं तर ओलं फडकं ठेवून खळ सोडवता येते. फेविकॉल सोडत नाही, कागद फाडूनच निघतो. मला ठरवायला वेळ लागतो, म्हणून मला खळ लागते.

या पट्ट्यात आजची तिकिटंही आहेत. आता कंडक्टरच्या हातात मशीन असतं. त्यातलं तिकीट थर्मल कागदाचं, उष्णतेनं अक्षरं उमटणारं. ते वहीत जपून ठेवलं तरी काही महिन्यांत फिकं पडत कोरं होतं. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटायचं. मग एकदा अशा कोऱ्या झालेल्या तिकिटांवरून इस्त्रीचं टोक फिरवलं आणि कागद जिथं तापला तिथं काळा झाला. डोंगराची कड उमटली. कुंभार्ली घाटाचा सगळा भाग मी तसा केला आहे, इस्त्रीनं आणि तापवलेल्या चमच्यानं. फिकं पडू नये म्हणून त्यावरून मातीचा पातळ हात आणि काळ्या दोऱ्याचे टाके. अगदी तळाला, लुगड्याला टाचून, अण्णांच्या हस्ताक्षरातला एक कागद आहे. तो कुणाला दिसणार नाही.

शिकवणं माझ्याकडे पोटापाण्यासाठी आलं. सव्वीस वर्षं शाळेत चित्रकलेची बाई होते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला किती मुलं बसवली त्याची गणती नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं जीव लावून शिकवलं, कारण नजरेला शिस्त लागते ती तिथंच. पण स्मरणचित्रात चाळीस मुलांच्या चाळीस जत्रांत एकच आकाशपाळणा त्याच कोपऱ्यात दिसायला लागला तेव्हा मला अस्वस्थ व्हायला लागलं. जत्रा प्रत्येकानं पाहिलेली होती. आठवण मात्र पुस्तकातली काढत होते.

त्यातून रविवारचा वर्ग सुरू झाला. आता निवृत्तीनंतर तोच माझा आठवडा. नियम एकच, घरात कुणीतरी टाकून देणार असलेली एक वस्तू आणायची आणि ती कुणाची, हे विचारून यायचं. पोरं काय काय आणतात! ठिबकच्या नळीचे तुकडे, कारखान्याची उसाच्या वजनाची पावती, छत्रीची काडी, रेडिओची जाळी. एका मुलानं आजीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणली, दोन महिन्यांची, दोऱ्यात ओवून. त्यानं त्या चंदेरी पत्र्यातून नदी केली. मी विचारलं, नदीच का? तो म्हणाला, "आजी गोळी घेताना रोज म्हणती, आता पैलतीराला कधी जायचं." दहा वर्षांचं पोर. मला पुढं बोलता आलं नाही. मी त्याच्या शेजारी बसून पत्र्याच्या कडा घासून दिल्या, हाताला लागू नयेत म्हणून.

मुलांच्या खळीत मोरचूद नाही, लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घालते. थर्मल तिकिटांचा खेळ झाला की हात धुवायला लावते. कुणाच्या कागदावर मी स्वतः रेघ मारत नाही, ही शपथ शाळा सोडताना घेतली आणि ती पाळणं अवघड जातं. हात शिवशिवतात. अशा वेळी मी उठून खळ ढवळायला जाते.

वर्षभरापासून आई वर्गात येऊन बसते. तिला आता सुईचं नेढं दिसत नाही. मुलं रांगेनं तिला सुया ओवून देतात आणि ती त्यांना धावदोरा शिकवते. गेल्या रविवारी एका मुलीचे टाके वाकडेतिकडे गेले म्हणून ती उसवायला निघाली होती. आईनं तिचा हात धरला, कागद जवळ घेऊन बोटांनी टाके चाचपले आणि म्हणाली, "राहू दे की. तुझा हात हितं दमला हुता, त्ये दिसतंय." मुलीनं कात्री ठेवली. मग दोघी पुढच्या ओळीला लागल्या.

येत्या रविवारी सगळ्यांना जुनी बटणं आणायला सांगितली आहेत. आईनं तिची डबी काढून ठेवली आहे. त्यात अण्णांच्या खाकी शर्टाची पाच आहेत. त्यातलं एक घाटाच्या वळणावर लावावं असं मनात आहे, आणि उरलेली चार कुणा मुलाला हवी असली तर द्यायला आई कबूल झाली आहे.