पटनी व्हेलमधला गुलाबी दगड

लंडनमधल्या सहा दिवसांपैकी पाच दिवस सहलीच्या ठरलेल्या कार्यक्रमात गेले, आणि त्या दिवसांत जे पाहिले त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. सहावा दिवस मोकळा होता. सोबतच्या मंडळींनी तो खरेदीसाठी ठेवला होता. मी मात्र घरून निघण्यापूर्वीच तो एका कबरीसाठी राखून ठेवला होता.

ती कबर पटनी व्हेल स्मशानभूमीतली, व्यायामपद्धतीसाठी जगभर गाजलेले बलवान युजेन सँडो यांची. बिनबाह्यांच्या बनियनला आपल्याकडे सँडो बनियन म्हणतात, ते याच माणसावरून, असे मानले जाते. आमच्या घरात मात्र हे नाव बनियनच्याही आधी एका डंबेलच्या जोडीबरोबर आले होते. पणजोबांनी मुंबईहून आणलेली ती जोडी साताऱ्याकडच्या आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत असे. प्रत्येक डंबेल लांबीत उभे चिरून त्याचे दोन भाग केलेले आणि त्या दोन भागांच्या मध्ये पोलादी स्प्रिंगा बसवलेल्या. मूठ आवळून दोन्ही भाग एकमेकांना टेकवायचे आणि तसेच टेकवून ठेवून हात चालवायचे. पकड जरा ढिली पडली की भाग लगेच फाकत आणि लक्ष दुसरीकडे गेल्याचे करणाऱ्याला त्याच क्षणी कळे. वजन फार नव्हते. ज्या स्नायूला व्यायाम द्यायचा त्यावर मन एकाग्र झाले पाहिजे, हा सँडो यांचा आग्रह होता, आणि तो या साधनात उतरला होता. माझ्या लहानपणीच्या मुठीत ते भाग कधीच टेकले नाहीत. आजोबांच्या मुठीत मात्र त्यांच्या सत्तरीतही टेकत.

आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले. तिथे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, यांनी मुलामुलींना सूर्यनमस्कार लावून दिले होते, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्या आधीचा भाग फारसा कोणी सांगत नाही. भवानरावांनी गादीवर येण्यापूर्वी, १८९७ मध्ये, सँडो यांची साधने आणि पुस्तके विकत घेतली होती आणि तब्बल दहा वर्षे त्यांच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला होता. सूर्यनमस्कारांकडे ते वळले ते त्यानंतर. एक १८६७ चा, दुसरा १८६८ चा. एक प्रशियातल्या कोनिग्जबर्गचा, दुसरा माणदेशाच्या उंबरठ्यावरल्या संस्थानाचा. ज्या माणसाच्या पुस्तकाने आमच्या राजेसाहेबांना रोज पहाटे उठवले, त्याला एकदा नमस्कार करून यावे, एवढीच माझी इच्छा होती.

पटनी स्थानकावरून ८५ क्रमांकाची बस मिळते. ती एका मोठ्या सुपरमार्केटजवळ सोडते आणि स्मशानभूमी तिथून अगदी जवळ आहे. पलीकडे विम्बल्डन कॉमनची दाट झाडी आणि अलीकडे महामार्ग, त्यामुळे आत शिरल्यावरही गाड्यांची घरघर थांबत नाही. जागा अफाट आहे. तुतनखामेनची कबर शोधणारे हॉवर्ड कार्टर येथेच पुरलेले आहेत, हे मला माहीत होते. पण त्या दिवशी त्यांच्यासाठी माझ्याकडे वेळ नव्हता. पाऊण तास ओल्या गवतातून हिंडूनही सँडो सापडेनात, तेव्हा पाने गोळा करणाऱ्या एका वयस्क माळ्याला मी नाव सांगितले. त्याने हातातला दाताळा झाडाला टेकवला, काही न बोलता माझ्याबरोबर चालत आला, दगड दाखवला आणि तसाच परत गेला. सबंध सहलीत मला भेटलेला सर्वांत मोठा पाहुणचार तो.

दगड गुलाबी वालुकाश्माचा आहे, उभा, दीड टनाचा. त्यावर सँडो एवढेच नाव, तेही आडवे नसून वरून खाली कोरलेले. प्राचीन ग्रीक लोक मृतांसाठी जे उभे शिलास्तंभ लावत, त्यांची आठवण म्हणून तो तसा घडवला आहे, आणि हे मला फार योग्य वाटले. कारण पुतळ्यांची मापे घेऊन, तेच प्रमाण स्वतःच्या देहात आणू पाहणारा हा माणूस होता. मी पृष्ठभागावरून तळवा फिरवला. तो खरखरीत आणि थंडगार होता.

मात्र हा दगड २००८ मध्ये त्यांच्या एका वंशजाने बसवला. १४ ऑक्टोबर १९२५ रोजी सँडो गेले, तेव्हा पत्नी ब्लांश यांच्या इच्छेनुसार कबरीवर काहीही लावले गेले नाही. २००२ मध्ये एका चाहत्याने पहिली पाटी लावली, तोवर सत्त्याहत्तर वर्षे त्या जागी नाव नव्हते. पतिपत्नीमध्ये काय बिनसले होते यात शिरण्याचा मला अधिकार नाही. पण त्या गवतात उभी असताना मला अतिशय वाईट वाटले, कारण हे काही विस्मृतीत गेलेल्या एखाद्या कसरतपटूचे प्रकरण नव्हते. १८८९ मध्ये याच शहरात सॅम्पसन नावाच्या नामांकित बलवानाला रंगमंचावर हरवून ते पुढे आले. पण खेळ दाखवून टाळ्या घेण्यावर ते थांबले नाहीत. १८९७ मध्ये त्यांनी सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामसंस्था काढली, पुढच्या वर्षी मासिक सुरू केले, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनापर्यंत टपालाने धडे पोहोचवले. त्या धड्यांचे टोक कुठवर गेले, ते औंधच्या शाळेतल्या आजोबांना पाहिलेल्या मला निराळे सांगायला नको.

१४ सप्टेंबर १९०१ रोजी त्यांनी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. सर आर्थर कॉनन डॉइल आणि शिल्पकार सर चार्ल्स लॉझ हे त्यांच्यासोबत परीक्षक होते. साठ स्पर्धकांतून नॉटिंगहॅमचा विल्यम मरे पहिला आला आणि त्याला सँडो यांचीच सोन्याची छोटी मूर्ती मिळाली. मला महत्त्वाचे वाटते ते गुणदानाचे निकष: सर्वांगाची वाढ, त्या वाढीतला समतोल, स्नायूंची स्थिती, एकंदर आरोग्य आणि त्वचेची अवस्था. नुसता दंडाचा घेर पाहून बक्षीस द्यायचे नव्हते. चार दिवसांपूर्वी आमची गाडी त्याच इमारतीसमोर दहा मिनिटे थांबली होती; वाटाड्याने संगीताच्या मैफली सांगितल्या, तिकिटांचे दर सांगितले, या स्पर्धेबद्दल अक्षर काढले नाही. त्या दहा मिनिटांत मी स्वतः उठून चार वाक्ये बोलायला हवी होती, ही रुखरुख अजून आहे.

परतताना हॉलंड पार्क अव्हेन्यूवर उतरले. १६१ क्रमांकाच्या चार मजली घरावर निळी गोल पाटी आहे आणि सँडो इथे राहिले व इथेच वारले, असे तीवर लिहिले आहे. १९०४-०५ च्या सुमारास ते हिंदुस्थानात येऊन गेले होते. त्यांच्या पद्धतीने ज्यांची प्रकृती सुधारली, त्यांपैकी मुंबईचे पारशी व्यापारी सर धनजीभॉय बोमनजी यांनी १९०६ मध्ये घसघशीत देणगी दिली, आणि तिच्या बळावर या घराचा भाडेपट्टा घेता आला. त्या कृतज्ञतेपोटी सँडो यांनी वास्तूचे नाव धनजीभॉय हाउस ठेवले, आणि शेवटची एकोणीस वर्षे ते तिथेच राहिले. पाटीवर ते नाव नाही. संध्याकाळची वर्दळ होती, पदपथावर कोणाला थांबून विचारावे असेही कोणी दिसेना. मी रस्ता ओलांडून पायऱ्यांपाशी गेले आणि बंद दाराकडे तोंड करून ‘धनजीभॉय हाउस’ असे एकदा स्पष्ट, मोठ्याने म्हटले.