पावसाळाभर बंद असलेल्या डेस्कटॉपचं नेट: तार, पत्ता, डीएनएस आणि घड्याळ

मशीन: असेंबल केलेला डेस्कटॉप, विंडोज १०, बोर्डावरच रिअलटेकचा गिगाबिट लॅन पोर्ट, वायफाय कार्ड नाही. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मधली कॅट ५ई केबल खिडकीच्या ग्रिलवरून फिरवलेली. मशीन पावसाळाभर बंद होतं. त्याच काळात घरात फायबर आलं आणि राउटरही बदलला. आता चालू केल्यावर खालच्या कोपऱ्यात गोलाचं चिन्ह आणि ‘नो इंटरनेट’. मोबाईलवर मात्र नेट सुरळीत.

(आदेश इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टाइप करताना नेहमीच्या रोमन स्पेलिंगने करावेत.)

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवलेली बरी. बराच काळ बंद राहिलेल्या मशीनमध्ये बिघाड सहसा एकटा नसतो. एक काढला तरी दुसरा शिल्लक असतो आणि पडद्यावर लक्षण तेच दिसत राहतं. मग ‘याने काही फरक पडला नाही’ म्हणून बरोबर केलेली दुरुस्ती माणूस उलटी फिरवतो, आणि गुंता वाढतो. त्यामुळे दुरुस्ती जमली की नाही हे ब्राउझरला विचारायचं नाही. ज्या थरावर (तार, पत्ता, डीएनएस, घड्याळ) हात घातला, त्या थराचं मोजमाप घ्यायचं, ते बरोबर आलं की तिथे पुन्हा हात लावायचा नाही.

सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रीसेट’ सुरुवातीला दाबू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याने सगळे ॲडॅप्टर काढून पुन्हा बसवले जातात, व्हीपीएन आणि व्हर्च्युअल मशीनचे स्विच उडतात आणि जुने पत्तेही पुसले जातात. म्हणजे पुरावाच जातो. नेट आलं तरी कशाने आलं ते कळत नाही, आणि तोच बिघाड परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मोबाईलची साक्ष

‘मोबाईलवर नेट चालतं’ हे वाक्य तपासूनच घ्यायचं. वायफायवर नेट नसेल तर फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातो. डेटा बंद करून, वायफाय चालू ठेवून एखादी साइट उघडायची. इथे उघडली. म्हणजे फायबर, ओएनटी (फायबरचा प्रकाश नेटच्या सिग्नलमध्ये बदलणारी पेटी) आणि राउटर ठीक, दोष राउटरच्या लॅन पोर्टापासून कॉम्प्युटरपर्यंत.

फोनवरही उघडली नसती, तर कॉम्प्युटरला हात न लावता ओएनटीकडे बघायचं. ‘एलओएस’ दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाही: फायबर कुठेतरी दाबली गेली आहे, तीव्र वळली आहे किंवा हिरवा एससी कनेक्टर अर्धवट बसला आहे. ओएनटीच्या स्टेटस पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. जीपॉन या फायबर पद्धतीच्या बी+ वर्गात ती -८ ते -२७ डीबीएमच्या आत हवी. -२७ च्या आसपास, म्हणजे अगदी क्षीण, असेल तर नेट येत-जात राहणार, आणि ते काम सेवा देणाऱ्यांचं. फायबरच्या उघड्या टोकात डोळा घालून बघू नये, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण असतो.

तार

पॉवरशेलमध्ये ‘गेट-नेटॲडॅप्टर’ दिलं की ‘लिंकस्पीड’ हा रकाना दिसतो. तिथे १ जीबीपीएस हवं होतं, दिसलं १०० एमबीपीएस, तेही मध्येच ‘डिस्कनेक्टेड’ होऊन परत येणारं. पोर्टाचा दिवाही विझून पेटत होता.

हे लक्षण ओळखून ठेवण्यासारखं आहे. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. वेग कोणता ठेवायचा याची बोलणी मात्र आधीच्या दोन जोड्यांवरच होते. ४-५ किंवा ७-८ मध्ये तार तुटलेली असेल तर दोन्ही टोकं ‘आपण गिगाबिटवर बोलू’ असं ठरवतात, चार जोड्यांवर जुळणी करायला जातात आणि फसतात. काही चिप थोड्या प्रयत्नांनंतर स्वतःहून १०० वर उतरतात, काही पुन्हा पुन्हा तोच प्रयत्न करत राहतात. म्हणून लिंक चढते आणि पडते. ड्रायव्हर बदलून याला काही होत नाही.

आठ दिव्यांचा साधा केबल टेस्टर लावला: १ ते ७ पेटले, ८ नाही. आठवी पिन म्हणजे टी-५६८बी क्रमात शेवटची तपकिरी तार. तो क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टेस्टर कोणतं टोक खराब ते सांगत नाही. ते प्लगच्या तोंडाकडून उजेडात बघून कळतं. पारदर्शक प्लगच्या पुढच्या भिंतीला आठ तांब्याचे चकचकीत ठिपके टेकलेले दिसायला हवेत. कॉम्प्युटरकडच्या टोकाला सात दिसले. तपकिरी तार दीडएक मिलिमीटर मागे राहिली होती, आणि केबलचं बाहेरचं आवरण प्लगच्या आत न जाता बाहेरच लटकत होतं. ग्रिलवरून येणारा सगळा ताण आतल्या बारीक तारांवर. अशी तार आज ना उद्या सरकतेच.

नवा प्लग बसवताना: आवरण साधारण ३ सेंटिमीटर सोलायचं, पण ब्लेड आतल्या तारांना लागू द्यायचं नाही. क्रम लावून तारा सरळ दाबायच्या आणि १२-१३ मिलिमीटर ठेवून एका फटक्यात काटकोनात कापायच्या. यापेक्षा जास्त लांबी पीळ उघडून ठेवली तर जोड्या एकमेकींचा आवाज पकडतात. आवरण प्लगमधल्या दाबपट्टीखाली जायलाच हवं. क्रिंप करण्याआधी, म्हणजे पकडीने प्लग दाबून पक्का करण्याआधी, आठ ठिपके पुन्हा मोजायचे.

प्लग घेताना बघायची आणखी एक गोष्ट. भिंतीवरून टाकायच्या केबलमध्ये एकसंध तार असते, पॅच कॉर्डमध्ये बारीक तारांचा जुडगा. जुडग्यासाठीचं पातं तारेच्या मधोमध घुसतं, एकसंध तारेसाठीचं पातं तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेतं. चुकीचा प्लग पहिल्या दिवशी टेस्टरला पास होतो आणि नंतर सैल पडतो.

केबल ‘शुद्ध तांबं’ म्हणून घेतली असली तरी कापलेला तुकडा ब्लेडने खरवडून बघावा. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते दोन-चार वळणांत तुटतं. ही केबल खरवडल्यावर आतपर्यंत तांबडीच निघाली, म्हणून ठेवली. कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पोर्टातल्या आठ सोनेरी पिनाही टॉर्च लावून बघाव्यात. हिरवट किंवा काळपट थर असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच जोडायचं.

केबल चांगली असून पोर्टाचा दिवा अजिबात लागत नसेल तर वळवाच्या कडकडाटात पोर्ट गेलेला असू शकतो. यूएसबी-लॅन ॲडॅप्टर लावून पाच मिनिटांत खात्री होते.

प्लगनंतरचं मोजमाप: १ जीबीपीएस, दिवा स्थिर. ‘नेटस्टॅट -ई’ मधला एरर्सचा आकडा वाढत नाही. पडद्यावर अजूनही ‘नो इंटरनेट’. तार मात्र पास. तिला आता सोडायचं.

पत्ता

‘आयपीकॉन्फिग /ऑल’. इथे घाई करू नये, एकेक ओळ वाचावी. आयपीव्ही४ पत्ता १९२.१६८.०.२०, गेटवे (बाहेर जाण्याचा दरवाजा, म्हणजे राउटरचा पत्ता) १९२.१६८.०.१, आणि ‘डीएचसीपी एनेबल्ड’ (राउटरकडून पत्ता आपोआप घेणं) समोर ‘नो’. फोनवर वायफायची माहिती उघडली तर गेटवे १९२.१६८.१.१. जुना राउटर शून्याच्या जाळ्यात होता, नवा एकच्या जाळ्यात आहे, आणि कॉम्प्युटरला कधीतरी हाताने दिलेला पत्ता तसाच राहिला आहे. राउटर बदलल्यावर ‘बाकी सगळं चालतं, एकच मशीन चालत नाही’ या तक्रारीमागे हे कारण वारंवार निघतं.

‘पिंग १९२.१६८.१.१’ करून, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून, आलेलं उत्तर नीट वाचण्यासारखं: ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.२०: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. उत्तर आलंय खरं, पण ते स्वतःच्याच पत्त्यावरून. कॉम्प्युटर अस्तित्वात नसलेल्या गेटवेला शोधतोय, तो सापडत नाही, आणि तसं स्वतःच सांगतोय. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं असतं तर अर्थ वेगळा: पॅकेट निघालं, उत्तर परतलं नाही. पिंगच्या शेवटच्या आकडेवारीत या ‘अनरीचेबल’ ओळी ‘रिसीव्ड’मध्ये मोजल्या जातात, तेव्हा ‘० टक्के लॉस’ पाहून फसू नये.

‘एनसीपीए.सीपीएल’ उघडून, इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ वर डबल क्लिक, आणि पत्ता आपोआप मिळण्याचा पर्याय. मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’. पत्ता आला १९२.१६८.१ च्या जाळ्यातला. राउटरला पिंग १ मिलिसेकंदाच्या आत, ‘पिंग ८.८.८.८’ (बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) लाही उत्तर. पत्त्याचा थर पास.

या जागी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याचा अर्थ: विंडोजने डीएचसीपीला हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, म्हणून स्वतःच एक पत्ता घेतला. तेव्हा तारेकडे परत जायचं किंवा राउटरमध्ये डीएचसीपी चालू आहे का ते बघायचं. राउटरच्या वॅन (पुरवठादाराकडच्या) बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तो दोष नव्हे. पुरवठादार अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतो, त्यातला तो. ब्राउझिंगला त्याने अडत नाही, घरचा सर्व्हर बाहेरून उघडायचा असेल तर अडतं.

डीएनएस

साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. ८.८.८.८ ला पिंग जातो पण एकही साइट नावाने उघडत नाही. ‘एनएसलुकअप’ला साइटचं नाव दिलं, तर १९२.१६८.०.१ ला विचारून ‘टाइम्ड आउट’. त्याच नावापुढे जागा सोडून १.१.१.१ (बाहेरचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर) लिहिलं, तर लगेच उत्तर. म्हणजे दोष फक्त कोणाला विचारायचं त्यात.

पत्ता आपोआप केला तरी डीएनएस जुनाच राहिला, कारण त्या खिडकीत दोन वेगळे पर्याय आहेत, वर पत्त्याचा आणि खाली डीएनएसचा. वरचा बदलला की खालचा आपोआप बदलत नाही. खालचाही बदलून ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’. गोलाचं चिन्ह गेलं, ‘इंटरनेट ॲक्सेस’ आलं.

घड्याळ

तरीही ब्राउझर प्रत्येक साइटवर सुरक्षिततेचा लाल इशारा देत राहिला, चुकीच्या तारखेचा. चिन्ह म्हणतं नेट आहे, ब्राउझर म्हणतो नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. विंडोज तपासणीसाठी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढाच मजकूर असलेली छोटी फाइल साध्या एचटीटीपीवरून मागवतं. त्यात प्रमाणपत्र नसतं, म्हणून तारीख चुकली तरी ती तपासणी पास होते. साइट एचटीटीपीएसवर असतात, तिथे ओळख पटवणारं, ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र तपासलं जातं. मशीनची तारीख बायोसच्या मूळ तारखेला, कित्येक वर्षं मागे गेली होती. आजची प्रमाणपत्रं तिच्या लेखी अजून लागूच झालेली नाहीत.

कारण बोर्डावरचा, बंद मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल. मल्टीमीटरवर नवा सेल ३ व्होल्ट किंवा थोडा जास्त दाखवतो, हा २.४ वर होता. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत बोर्डाला एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) स्टँडबाय ५ व्होल्ट मिळतो आणि सेल गेल्याचं लपून राहतं. बटण रोज बंद करणाऱ्या घरात, किंवा मशीन महिनोन्महिने बंद असेल तर, ते बाहेर येतं. सेल बदलताना वायर भिंतीतून काढायची, अधिक चिन्हाची बाजू वर, आणि नंतर बायोसमध्ये तारीख व बूटचा क्रम पुन्हा लावायचा.

घड्याळ नेटवरून जुळवणारा ‘डब्ल्यू३२टीएम /रीसिंक’ हा आदेश थेट दिला तर ते नकार देऊ शकतं. घरच्या मशीनवर विंडोज एका वेळी १५ तासांपर्यंतचाच फरक दुरुस्त करतं, वर्षांचा नाही. आधी तारीख आणि वेळ हाताने जवळपास आणायची, टाइम झोन +५:३० तपासायचा, मग रीसिंक. साइट उघडल्या.

एमटीयू

एमटीयू म्हणजे न तुकडे करता जाणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, इथरनेटवर सहसा १५०० बाइट्स. ‘पिंग -एफ -एल १४६४ ८.८.८.८’ पास, १४७२ ला ‘फ्रॅगमेंट’ची तक्रार. कनेक्शन पीपीपीओईचं (राउटर नाव-पासवर्ड देऊन जोडण्याच्या पद्धतीचं) आहे, त्याची ८ बाइट्स वजा होऊन १४९२ उरतात, आणि २८ बाइट्स हेडरची. हिशोब जुळतो. साइट अर्धवट उघडून अडकत नाहीत, म्हणून कॉम्प्युटरवर काही बदललं नाही.

शिल्लक

प्रिंटर शेअरिंगसाठी या मशीनला कायम एकच पत्ता हवा आहे. तो आता विंडोजमध्ये न लिहिता राउटरच्या डीएचसीपी रिझर्वेशनमध्ये मॅक पत्त्याला (लॅन पोर्टाच्या हार्डवेअर क्रमांकाला) बांधला आहे. पुढे राउटर बदलला तर रिझर्वेशन जाईल, पण मशीन नव्या जाळ्यात निमूट शिरेल.

ग्रिलवरच्या केबलला पीव्हीसी पाइप घालायचा आहे, आणि खिडकीतून आत येण्याआधी खाली एक झोळ सोडायचा आहे, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत पोर्टापर्यंत न येता तिथेच ठिबकेल. स्लीपमधून उठल्यावर लिंक कधीकधी दोन-तीन सेकंद उशिरा येते. ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ हे लॅनचं वीज वाचवणारं सेटिंग बंद करून बघतोय. सध्या तेवढाच एक बदल चालू आहे, ‘ग्रीन इथरनेट’ला अजून हात लावलेला नाही.