दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळ

"दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर." आज मेडिकलमध्ये माझ्या पुढच्या आजींना काउंटरवरच्या मुलाने एवढंच सांगितलं. आजींनी विचारलं, "म्हंजी सकाळी एक आन् संध्याकाळी एक ना रे बाळा?" "नाही आजी, दोन्ही वेळेला दोन-दोन." दिवसाला दोन की चार! त्यांनी विचारलं नसतं तर?

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. वाक्यात व्याकरणाची चूक नाही, शब्द रोजचेच, आणि अर्थ दोन्ही निघतात. खरं तर मराठीत किती सोपी सोय आहे: 'दोन-दोन', 'एकेक'. आकडा दोनदा म्हटला की वाटणी लगेच कळते. चिठ्ठीवरचं २-०-२ (सकाळी दोन, दुपारी काही नाही, रात्री दोन) सुद्धा स्पष्ट असतं, पण ते वाचता येणाऱ्यालाच. आणि 'दोन दिवसांआड' घ्या. मध्ये दोन दिवस सोडायचे की दर दुसऱ्या दिवशी? आमच्याच घरात यावर दोन मतं आहेत.

मेडिकलवाले, सिस्टर, आशाताई, सगळ्यांना मनापासून विनंती: "सकाळी दोन, संध्याकाळी दोन" असंच सांगा. आणि पेशंटकडून एकदा तेच परत म्हणवून घ्या.