तुम्ही विचारलंत म्हणून : मी स्टेजवर का दिसत नाही?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाई विचारतात. बँकेच्या रांगेत ओळखीचे विचारतात. मागच्या महिन्यात सुनेच्या माहेरच्यांनीही विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं नाटकात आहात म्हणे, मग तुम्हाला स्टेजवर कधी पाहिलं कसं नाही?" मी "मागे असते" म्हणते. मागे म्हणजे कुठे, हे विचारायला कोणी थांबत नाही, कारण तोवर पानात बट्टी पडलेली असते आणि तिच्यावर वरण ओतून घ्यायची घाई असते.

तर आज बट्टी नाही. सांगते.

मी प्रॉम्प्टर आहे, म्हणजे नट अडला की विंगेतून, स्टेजच्या कडेच्या आडोशातून, शब्द सुचवणारी. आमच्या ग्रुपात त्याला 'पुस्तक धरणं' म्हणतात. जळगावात हौशी नाटकं करणारी आम्ही पंधरा-वीस माणसं. कोणी शाळेत शिकवतं, कोणी एसटीत, कोणाचं मेडिकल, दोघांची शेती. गणपती उठले की वाचनाला बसायचं, दसऱ्यापर्यंत हालचाली बसवायच्या आणि दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या केंद्रावर प्रयोग करायचा. दोन-अडीच महिने तालीम आणि बहुतेक वर्षी प्रयोग एकच. हे परवडतं कसं, असंही लोक विचारतात. ते परवडत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

पुस्तक माझ्या हातात कसं आलं ते आधी सांगायला हवं. मी यावल तालुक्यातल्या लेवा घरातली. आमच्या लेवा बोलीत ळ नाही. म्हणजे कागदावर आहे, तोंडात नाही. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, जळगाव म्हणजे जयगाव. १९८४ साली कॉलेजात गॅदरिंगच्या नाटकासाठी निवड होती. मला वाचायला दिलेल्या पानावर काळोख हा शब्द तीनदा होता. मी तीनदा 'कायोख' वाचला. माझ्या कानाला तो काळोखच ऐकू येत होता, त्यामुळे सगळे का हसताहेत हे पहिल्या वेळी कळलं नाही. दुसऱ्या वेळी कळलं. तिसऱ्या वेळी तो शब्द समोर येताना दिसत होता, तरी जीभ तिकडेच वळली. बसवणारे सर माणूस म्हणून चांगले. म्हणाले, "तू वाचतेस मात्र अडखळत नाहीस. तू पुस्तक धर." हसणाऱ्यांमध्ये तिघेजण माझ्याच भागातले होते. त्यांनी आपला ळ कधी आणि कुठून मिळवला, कोण जाणे.

तेव्हा राग आला होता. पुढे तो गेला, कारण पुस्तक धरायला लागल्यावर कळलं की तालमीतली सगळ्यात चांगली जागा तीच.

आता काम. संहितेची एका बाजूने झेरॉक्स काढायची आणि एकेक पान मोठ्या रजिस्टरच्या पानावर मधोमध चिकटवायचं, म्हणजे चारही बाजूंना लिहायला जागा राहते. डाव्या बाजूला हालचाली, उजवीकडे लाइटचे आणि म्युझिकचे क्यू. सगळं पेन्सिलने. पेनने लिहिणारा माणूस एकच नाटक करतो, कारण दिग्दर्शक आज ज्याला खुर्चीवर बसवतो त्याला परवा खिडकीशी नेतो आणि चौथ्या दिवशी परत खुर्चीवर आणतो. आणि शब्द बदलायचे नसतात. संहिता आधी मुंबईला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, तिथून मंजूर होऊन येते आणि मंजूर झालेलीच बोलायची असते. नटाने एखादं वाक्य सोयीने फिरवलं की ते पकडणं माझ्याकडे. त्यामुळे मी फारशी लोकप्रिय नाही.

प्रॉम्प्टिंग म्हणजे विसरलेलं वाक्य सांगणं, असं लोकांना वाटतं. पूर्ण वाक्य कधीच सांगायचं नसतं. पहिले दोन शब्द द्यायचे, फार तर तीन. तेही सपाट आवाजात, कारण तुम्ही अभिनय करून वाक्य दिलंत की नट तुमचाच सूर उचलतो आणि मग तो सूर काढता काढता दिग्दर्शकाचे आठ दिवस जातात. पाठांतर चालू असताना लगेच द्यायचं. ज्या दिवशी सगळ्यांच्या हातातले कागद सुटतात त्या दिवसापासून मनात तीन आकडे मोजून द्यायचं. शेवटच्या आठवड्यात तोंड बंद ठेवायचं. तेव्हा फक्त चुका लिहून घ्यायच्या आणि तालीम संपली की ज्याची त्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव आणि पान, बाकी काही नाही. 'नीट पाठ करा' वगैरे लिहायचं नाही. माणसं दिवसभर नोकरी करून आलेली असतात.

कोणी आलं नाही की त्याचं काम मी वाचते. दिवाळीनंतर कापूस वेचणीला मजूर मिळाले की शेतीवाले दोघं गायब होतात, निवडणूक आली की मास्तर गायब, आणि एसटीतल्या भाऊंची ड्यूटी कधी बदलेल ते त्यांच्या बायकोलाही माहीत नसतं. त्यामुळे राजा, नोकर, सासू, इन्स्पेक्टर असं सगळं मी करून बसले आहे. महापालिकेच्या शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून, खडूने आखलेल्या दारातून मी किती वेळा रुबाबात आत आले असेन! ते कोणी पाहिलं नाही म्हणून तुम्हाला दिसलं नाही, एवढंच.

खडूच्या दारावरून आठवलं. पाठांतर डोक्यात असतं असं आपण धरून चालतो. भारनियमनाच्या वर्षांत आमच्या तालमीच्या वेळेतच लाइट जायची. सुरुवातीला आम्ही बसून राहायचो, मग अंधारातच म्हणायला लागलो. तेव्हा गंमत कळली. काही जण अंधारात धडाधड बोलले. काही जण, एरवी पक्के असलेले, दुसऱ्याच वाक्याला अडले. शोधलं तर एकाचं वाक्य चहाच्या कपाला बांधलेलं होतं. कप उचलला की वाक्य यायचं, कप दिसेना तर वाक्यही नाही. दुसरीचं वाक्य खिडकीकडे जाताना तिसऱ्या पावलाला होतं. तेव्हापासून मी एक हट्ट धरते : प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तू, पहिल्या दिवसापासून खरी आणा. 'समजा हा कप आहे' असं म्हणत दोन महिने काढलेला नट रंगीत तालमीत खरा कप हातात आला की गडबडतो. कप जड लागतो, त्यात काहीतरी हिंदकळतं आणि वाक्य सांडतं.

दुसरी एक पद्धत आहे, तिला आम्ही 'पळती तालीम' म्हणतो. गोल बसायचं आणि अभिनय, थांबे, आवाजाचे चढउतार काही न करता अख्खं नाटक भरभर म्हणून काढायचं. थंडीत कोणाच्या तरी मळ्यात भरीत-पुरीचा बेत असतो तेव्हा ही तालीम हमखास होते. काडक्यांवर वांगी भाजली जाताहेत, कोणी हिरव्या मिरच्या कुटतंय आणि नायिका पुऱ्या लाटता लाटता नवऱ्याला घटस्फोट मागते आहे. नवरा धुरामुळे डोळे पुसतो आणि देतो. शब्द हाताच्या आणि पायाच्या तावडीतून सुटायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. दिग्दर्शकांना मात्र ही तालीम आवडत नाही, कारण त्यांचे सगळे थांबे त्यात वाहून जातात.

थांबे. खरी गोष्ट इथे आहे.

नट गप्प झाला की प्रॉम्प्टरने ठरवायचं असतं : हा थांबला की विसरला? थांबला असेल आणि मी शब्द दिला तर त्याने जमवून आणलेली शांतता मी फोडली. विसरला असेल आणि मी गप्प राहिले तर तो एकटा बुडतो. निर्णयाला वेळ असतो एका श्वासाचा. त्यामुळे वाक्य चालू असताना मी पुस्तकात बघत नाही, नटाकडे बघते. बोट ओळीवर ठेवायचं आणि डोळे माणसावर. थांबलेल्या माणसाचा श्वास चालू असतो, विसरलेल्याचा अडकतो. शिवाय प्रत्येकाची काहीतरी खूण असते. एक जण घड्याळाशी चाळा करतो. एक जण शेवटचा शब्द पुन्हा म्हणतो. एक मुलगी गोड हसते, आणि दुःखाच्या प्रसंगात ती हसली की माझ्या पोटात गोळा येतो. या खुणा मी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. ते पान कोणाला दाखवत नाही. नटाला स्वतःची खूण कळली की तो ती लपवायला लागतो, मग मी आंधळी.

आमचे नाना मात्र या पानावर कधीच आले नाहीत. नाना म्हणजे ग्रुपमधले सगळ्यात मोठे, सेवानिवृत्त, आवाज खणखणीत. विसरले तरी तसेच उभे, आठवत असलं तरी तसेच उभे. एका वर्षी त्यांच्याकडे बापाची भूमिका होती. मुलगा जमीन विकायला काढतो आणि बाप म्हणतो, 'मी विकणार नाही, हा माझ्या वडिलांचा मळा आहे.' नानाही आमच्याच पट्ट्यातले, त्यामुळे 'मळा' या एका शब्दावर आमचे तीन आठवडे गेले. दिग्दर्शक पुण्यात राहून आलेला. त्याला ळ लख्ख हवा होता. नाना घरी जाताना सायकलवर मळा, मळा, मळा करत जायचे. कायोखवाली मी त्यांना ळ शिकवत होते, म्हणजे बघा. तोवर माझा ळ बसला होता, कारण पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांचाच दुरुस्त करत होते.

प्रयोगाच्या रात्री ते वाक्य आलं. मुलाने कागद पुढे केला. नाना गप्प. त्या जागी दिग्दर्शकाने थांबा दिलेला होताच. मी विंगेत, बोट ओळीवर. एक, दोन, तीन. थांबा जरा लांबला, पण नाना तसेच उभे, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, आज रंगलेत. चार, पाच. आता द्यावं का? पुढच्या रांगेत परीक्षक, माझा आवाज तिथवर गेला असता. सहा. आणि नाना बोलले, "नाही इकत भो. माह्या बापाचा मया हाये तो."

विसरले होते. वाक्य गेलं तेव्हा खालून घरचं वाक्य वर आलं. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मागून कुठूनतरी एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "हाव ना." समोरच्या मुलाचं काम करणारा पोरगा शहरातला, त्याला पुढचं वाक्य सुचेना. त्याला मी शब्द दिले, नेहमीपेक्षा मोठ्याने, आणि नाटक पुढे गेलं.

दिग्दर्शक चिडला. मंजूर संहितेत नसलेलं वाक्य, बापाची भाषा अचानक बदललेली, पहिल्या अंकात हाच बाप प्रमाण मराठीत व्याख्यान देतो. त्याचं चुकीचं नव्हतं. नंबर आला नाही. नाना मेकअप पुसता पुसता मला म्हणाले, "बाई, तू दिलं का नाही?" मी म्हटलं, "नाना, मला वाटलं तुम्ही थांबलात." ते म्हणाले, "मलेबी तसंच वाटलं."

चूक माझी, हे मी तेव्हाही मान्य केलं. पण दिला असता शब्द, तर तो मया आला नसता. आजतागायत या दोन गोष्टी मला एका पारड्यात घालता आलेल्या नाहीत.

सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं तेव्हा नटांच्या हातात लिहिलेले संवाद नव्हतेच. सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट आपापल्या शब्दांत भाषणं करायचे. आमच्याकडच्या तमाशातला वगही असाच, गोष्ट ठरलेली आणि बोलणं आयत्या वेळचं. तिथे प्रॉम्प्टर लागत नाही. विसरायला आधी काहीतरी लिहिलेलं असावं लागतं. म्हणजे आमची जात छापील नाटकाबरोबर आली. नानांनी त्या रात्री एका वाक्यापुरतं ते छापील नाटक ओलांडलं, असं मी स्वतःला सांगते. दिग्दर्शकाला हे सांगितलेलं नाही.

यंदा आम्ही लेवा बोलीतलं नाटक बसवतो आहोत. लिहिणारा आमच्यातलाच एक. पोरं सगळी जळगावात वाढलेली, इंग्रजी शाळेतली, आणि आता त्यांच्या जिभेवरून ळ जाता जात नाही. कालच्या तालमीत एक मुलगी चार वेळा 'डोळे' म्हणाली. बाकीचे हसले. मी हसणाऱ्यांना गप्प केलं, बहुधा जरा जास्तच मोठ्याने. मग तिला म्हटलं, शब्दाकडे बघू नकोस, तुझ्या आजीला हाक मार आणि त्याच तोंडाने बोल. पाचव्या वेळी 'डोये' आलं. तिचं तिलाच हसू आलं.

तालीम संपल्यावर दिग्दर्शक (हा नवा, तिशीतला) रजिस्टर बघायला आला आणि म्हणाला, "काकू, आजीचं काम तुम्हीच का करत नाही? अख्ख्या ग्रुपात ही बोली तुमच्याइतकी कोणाकडे नाही."

मी विचार करते म्हणाले. रात्री घरी आजीची सगळी वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली. एकही अडलं नाही. काळोख हा शब्द त्यात दोनदा आहे, कायोख असाच लिहिलेला.

सकाळी त्याला फोन करून विचारलं, "मी उभी राहिले तर पुस्तक कोण धरणार?" तो म्हणाला, बघतो कोणीतरी. म्हटलं, कोणीतरी नको, आधी माणूस दाखव. तो माणूस शोधतो आहे. तालीम रोज रात्री आठला असते. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर पाठवा, पेन्सिल घेऊन.