आठ व्होल्टवरचे सहा मिलिव्होल्ट

भोसरीच्या एका कारखान्यातून सॅम्पल-अँड-होल्ड कार्ड दुरुस्तीला आलं होतं, म्हणजे एका क्षणीचा व्होल्टेज टिपून कपॅसिटरवर धरून ठेवणारं सर्किट. तक्रार चमत्कारिक होती. आधी शून्य व्होल्ट देऊन मग आठ व्होल्टचा नमुना घेतला, की धरून ठेवलेला आकडा हळूच खाली घसरायचा. लागोपाठ आठचेच नमुने घेतले तर मात्र जागचा हलत नसे. म्हणजे साधी गळती नव्हती.

आमच्या धाकट्या सहकाऱ्याने नवा डिजिटल स्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावला. ‘‘सर, सरळ रेष आहे.’’ असणारच! आठ बिटांच्या 256 पायऱ्या, पडदा दहा व्होल्टचा. एक पायरी जवळपास 40 मिलिव्होल्टची. बारीक रेंजवर त्याचा ऑफसेट, म्हणजे रेष वर-खाली सरकवायची सोय, आठ व्होल्टपर्यंत पोचेना. एसी कपलिंग केलं, म्हणजे स्थिर व्होल्टेज अडवून फक्त बदल आत घेतला, तर कपलिंगचा स्वतःचाच उतार दिसू लागला.

मग कपाटाशेजारचा टेक्ट्रॉनिक्स 7603 हा जुना अ‍ॅनालॉग स्कोप तापत ठेवला आणि त्यात 7ए13 हा अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग-इन, म्हणजे खाचेत बसणारा डबा, सरकवला. मला हा प्लग-इन फार आवडतो. एका इनपुटला सिग्नल, दुसऱ्याला आतूनच तयार होणारा, ±10 व्होल्टपर्यंत फिरवता येणारा तुलना-व्होल्टेज. पडद्यावर येतो तो फक्त फरक. पडद्यावरच्या चौकटीच्या दर घराला 1 मिलिव्होल्ट ठेवलात तर शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा हजार घरांचा पट्टा मिळतो आणि आठ घरांच्या खिडकीतून हवा तो तुकडा बघता येतो. खरी कमाल पुढे आहे. सिग्नल शून्यावर असताना हा अ‍ॅम्प्लिफायर पार दाबला जातो, पण सिग्नल परतताच लगेच सावरतो. साधा अ‍ॅम्प्लिफायर सावरता सावरता स्वतःचंच शेपूट काढून दाखवतो.

वेगवान खरखर गाळायला बँडविड्थ 5 मेगाहर्ट्‌झवर आणली, तुलना-व्होल्टेज आठच्या आसपास फिरवला आणि उतार दिसला: सुमारे सहा मिलिव्होल्ट. पण तो कार्डाचा की आमच्या यंत्राचा? नऊ व्होल्टची बॅटरी रीड रिलेने (चुंबकाने चालणाऱ्या छोट्या स्विचने) चालू-बंद करून शून्यावरून तशीच उडी दिली. रेष सपाट. आधीचा नमुना शून्याऐवजी चार व्होल्टचा घेतला, तर उतार निम्म्यावर आला. आता संशय एकाच पार्टवर: होल्ड कपॅसिटर. त्याच्या डायइलेक्ट्रिकला, म्हणजे पट्ट्यांमधल्या विद्युतरोधक थराला, मागचा व्होल्टेज आठवत होता.

काढून पाहिला तर पॉलिएस्टरचा; ही आठवण त्यात पॉलिप्रॉपिलीनपेक्षा बरीच जास्त. पॉलिप्रॉपिलीनचा बसवला, आकाराने मोठा, पाय वाकवून कसाबसा बसला. उतार एका घराच्याही आत आला.

कारखान्यात फोन केला. मूळ यादीत पॉलिप्रॉपिलीनच होता. खरेदी खात्याने मायक्रोफॅराड (कपॅसिटरची क्षमता) आणि व्होल्ट जुळवून स्वस्तातला घेतला होता. ‘‘मग बाकीच्या चाळीस कार्डांचं काय?’’ पलीकडून विचारणा झाली.