ऑल्बनीत घडलेले सिनेटर: रॉबर्ट वॅग्नर

अमेरिकेच्या राजकारणाचा विषय निघाला की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बैठकीत चर्चा राष्ट्राध्यक्षांच्या पलीकडे सहसा जात नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळातले कामगारविषयक कायदे म्हणजे रूझवेल्ट यांचेच कर्तृत्व, असे आपण सहज म्हणून जातो. त्या कायद्यांचा मसुदा आणि पाठपुरावा मात्र बऱ्याच अंशी न्यूयॉर्कचे सिनेटर रॉबर्ट वॅग्नर यांचा होता, आणि त्यांची खरी शाळा वॉशिंग्टन नसून न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी होती, असे माझे मत आहे.

वॅग्नर 1877 साली जर्मनीत जन्मले आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आले. वडील इमारतींची झाडलोट आणि देखभाल करून घर चालवीत. मुलगा शिकून वकील झाला आणि टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या शहरी यंत्रणेच्या आश्रयाने 1905 साली राज्याच्या असेंब्लीत, म्हणजे कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहात, पोहोचला. ही यंत्रणा भ्रष्टाचारासाठी बदनाम होती. तरीही स्थलांतरितांच्या वस्त्यांतल्या गरजा तिला नेमक्या ठाऊक होत्या, हे विसरून चालणार नाही. कोनी आयलंडपर्यंतचे रेल्वेभाडे पाच सेंट असावे, असे विधेयक वॅग्नर यांनी मंजूर करून घेतले, पण गव्हर्नर ह्यूज यांनी ते नामंजूर केले. 1909 साली वॅग्नर राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहात, गेले आणि 1911 साली, वयाच्या 33व्या वर्षी, तेथील बहुमतातल्या पक्षाचे नेते झाले.

त्याच वर्षी 25 मार्च रोजी बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीला आग लागली. कारखाना इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर होता; नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते, आणि अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. 146 कामगार मृत्युमुखी पडले, आणि त्यांत बहुतेक ज्यू व इटालियन स्थलांतरित तरुण मुली होत्या. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबाचे काम करताना संकटकाळच्या दारासमोर रचलेली खोकी मी पाहिली आहेत, त्यामुळे ते कुलूप मला फार जुन्या काळातले वाटत नाही.

या आगीनंतर राज्याने नेमलेल्या कारखाना चौकशी आयोगाचे अध्यक्षपद वॅग्नर यांच्याकडे आणि उपाध्यक्षपद असेंब्लीतले त्यांचे सहकारी आल्फ्रेड स्मिथ यांच्याकडे आले. आयोगासाठी काम करणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या बाई आयोगाच्या सभासदांना नुसत्या साक्षी-पुराव्यांवर थांबू देत नसत. एका कारखान्यात तर ‘आगीतून सुटकेचा मार्ग’ म्हणून दाखवलेल्या भिंतीतल्या अरुंद भोकातून त्यांनी खुद्द वॅग्नर यांना सरपटत बाहेर जायला लावले. पलीकडे बर्फाने माखलेली शिडी होती, आणि तीही जमिनीपासून बारा फुटांवर संपत होती. आयोगाच्या शिफारशींवरून पुढच्या काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले. दारे, शिड्या, तपासनीस, स्त्रियांचे कामाचे तास अशा रुक्ष तपशिलांनी ते भरलेले आहेत, आणि मला त्यांचे मोल त्यामुळेच वाटते.

हे कायदे होत असतानाच, 1913 साली, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वॅग्नर आणि आंबेडकर यांची गाठ पडली असे मी सुचवू इच्छित नाही. पण 1927 साली वॅग्नर अमेरिकेच्या सिनेटवर आणि आंबेडकर मुंबईच्या विधिमंडळात बसू लागले, हा योगायोग बडोदेकराच्या नजरेतून सुटणे कठीण आहे.

मधली काही वर्षे वॅग्नर न्यायाधीश होते. मालकसंघाने करार मोडला तेव्हा कामगार संघटनेच्या बाजूने मनाई हुकूम देऊन त्यांनी, एरवी कामगारांवरच चालणारे हत्यार उलटे फिरवले.

सिनेटमधले त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे 1935चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा. संघटना स्थापण्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क त्याने मान्य केला व तो राबवण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. रूझवेल्ट बराच काळ कुंपणावर बसून होते. सिनेटने 63 विरुद्ध 12 मतांनी विधेयक मंजूर केल्यावरच त्यांनी त्याला उघड पाठिंबा दिला. 1937 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा 5 विरुद्ध 4 अशा निसटत्या बहुमताने वैध ठरवला. त्याच वर्षी वॅग्नर यांच्या नावाचा गृहनिर्माण कायदाही झाला.

तरीही शेतमजूर आणि घरकामगार 1935च्या कायद्याबाहेर राहिले, आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांपैकी बहुतेकांची रोजीरोटी याच दोन कामांवर होती. झुंडीने होणाऱ्या हत्यांविरुद्ध वॅग्नर यांनी आणलेली विधेयके दक्षिणेतल्या सिनेटरांनी लांबलचक भाषणे करून रोखली. हे सिनेटर वॅग्नर यांच्याच पक्षाचे होते. जर्मनीतल्या 20,000 निर्वासित मुलांना आश्रय देण्याचे 1939चे विधेयक आणि 1943चे राष्ट्रीय आरोग्य विम्याचे विधेयकही मंजूर होऊ शकले नाही. प्रकृती ढासळल्यामुळे 1949 साली त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला आणि 1953 साली त्यांचे निधन झाले.