बाबांना बर्गन दाखवताना

नॉर्वेच्या बहुतेक पॅकेज सहलींत बर्गनच्या वाट्याला जेमतेम एक दुपार येते. बंदरासमोरची रंगीत लाकडी घरं, त्यांच्यापुढे एक फोटो, मासळीबाजारातून चक्कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फियोर्डची, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीची, बोट. आपण असं करायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, कारण सोबत बाबा होते. बाबांनी सगळी नोकरी डहाणू तालुक्यात कुष्ठरोगाच्या कामात काढली. पाड्यापाड्यांवर सायकलने जायचं, लोकांच्या पाठी-दंडांवरचे चट्टे पाहायचे, पेनाचं टोक टेकवून संवेदना आहे की नाही ते तपासायचं, गोळ्यांची पाकिटं पोचवायची. ज्या गावात या रोगाचा जंतू पहिल्यांदा दिसला ते गाव त्यांना पाहायचं होतं. ते गाव म्हणजे बर्गन.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तेव्हा व्हिसा शेंगेनचाच. अर्ज नॉर्वे सरकारच्या पोर्टलवर भरायचा, फी तिथेच भरायची आणि मग व्हिसा केंद्रावर जाऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात जायचं असेल तर अगदी शेवटाला थांबू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. बाबांचं पेन्शनचं पासबुक, माझं सॅलरी स्लिप आणि खर्च मी करणार असल्याचं पत्र असं सगळं जोडलं. सोबत रोज कुठे राहणार, काय पाहणार याचं वेळापत्रकही दिलं. ते वेळापत्रक बाबांनी स्वतःच्या अक्षरात, सर्वेक्षणाचा तक्ता आखावा तसं आखून दिलं. मी ते टाइप केलं.

विमानतळावरून शहरात यायला टॅक्सी करू नका. बीबाने नावाची ट्राम थेट विमानतळाखालून निघते आणि पाऊण तासात शहराच्या मधोमध आणून सोडते. तिकीट अ‍ॅपवर काढायचं. जेवणखाण भयंकर महाग आहे, त्यामुळे आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. सुपरमार्केटमधून तांदूळ, अंडी, भाज्या, मासे आणले की दोन वेळचं भागतं. पाणी विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पाणी उत्तम असतं. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भरून ठेवायचं.

आणि पाऊस! बर्गनला वर्षात 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. रत्नागिरीला याहून बराच अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. इथे तो बारा महिने थोडाथोडा येत राहतो. 2006-07 च्या हिवाळ्यात सलग 85 दिवस पडला होता. वारा असल्यामुळे छत्री उलटते, म्हणून टोपीचा रेनकोट आणि चांगली पकड असलेले बूट हेच खरं सामान. आमचा शिरस्ता असा होता की सकाळी ढग दाटलेले दिसले की छपराखालच्या गोष्टी पाहायच्या आणि आकाश मोकळं झालं की हातातलं काम सोडून डोंगरावर पळायचं. जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या पुढे मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सातला उघडीप मिळाली तरी दिवस हातात असतो.

ब्रिगेनपासून सुरुवात केली. बंदराच्या काठावरची ही लाकडी घरं 1979 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आत्ताची घरं 1702 च्या आगीनंतरची, पण बांधली जुन्याच आखणीवर. समोरून फोटो काढून परत फिरू नका. दोन घरांच्या मधल्या बोळात शिरा. पायाखाली फळ्या, डोक्यावर एकमेकांकडे झुकलेले सज्जे, माल वर ओढायचे दांडे आणि डांबराचा वास. जमिनीतली पाण्याची पातळी खाली गेली की पायातल्या लाकडाला हवा लागते, ते कुजतं आणि घर एका बाजूला कलतं. डागडुजीचं काम सतत चालू असतं. फळ्या ओल्या असल्या की निसरड्या होतात, म्हणून बाबांचा हात धरूनच चालले.

हे सगळं उभं राहिलं ते सुक्या मासळीवर. उत्तरेकडे लोफोटेनच्या बेटांवर हिवाळ्यात कॉड मासा येतो. तो साफ करून, दोन-दोन मासे शेपटीला बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत, थंड वाऱ्यावरच तो लाकडासारखा सुकतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हा मासा होड्यांतून बर्गनला यायचा आणि बदल्यात उत्तरेला धान्य जायचं. हा व्यापार जर्मन व्यापाऱ्यांच्या, म्हणजे हान्साच्या हातात होता. त्यांचं कार्यालय इथे 1360 च्या सुमारास सुरू झालं आणि 1754 पर्यंत चाललं. युरोपात उपासाच्या दिवशी मांस चालत नसे, मासा चालत असे, त्यामुळे गिऱ्हाईक कायमचं. बाबा प्रदर्शनातल्या मांडवाच्या चित्रापुढे बराच वेळ उभे होते. म्हणाले, "सातपाटीला बोंबील असेच टांगतात बघ, फक्त ते जबड्यात जबडा अडकवून." तिथून पुढे त्यांना बर्गन परकं वाटलंच नाही.

याच भागात शोत्स्तुएने म्हणून व्यापाऱ्यांच्या एकत्र बसायच्या खोल्या आहेत. आग लागू नये म्हणून बंदरावरच्या लाकडी घरांत चूल आणि दिवा दोन्हींना बंदी होती. हिवाळ्यात ऊब, गरम जेवण, शिकाऊ पोरांची शाळा, सगळं या खोल्यांतच व्हायचं. शिवाय या लोकांना लग्न करायची मुभा नव्हती. बर्गनच्या त्या काळोख्या हिवाळ्यात बारा-चौदा वर्षांची पोरं कशी राहिली असतील, हा विचार तिथल्या बाकावर बसल्यावर येतोच.

1955 मध्ये ब्रिगेनचा काही भाग पुन्हा जळाला. त्या जागी उत्खनन झालं, आणि जे सापडलं त्यावरच ब्रिगेन संग्रहालय उभं आहे. रुन या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत कोरलेल्या कितीतरी काटक्या तिथे निघाल्या. काही मालाला बांधायच्या मालकीच्या चिठ्ठ्या, काही प्रेमाचे निरोप, काही प्रार्थना. एका काटकीवर एवढंच लिहिलंय की ग्यूदा सांगते, घरी चल. मध्ययुगात लिहिणं हे फक्त पाद्र्यांचं आणि राजांचं काम होतं, ही समजूत या काटक्यांनी मोडली. मला विचाराल तर बंदरावरची एक गोष्ट निवडायची तर मी हे संग्रहालय निवडेन.

जवळच होकोन राजाचा दगडी दरबार आहे, 1261 मध्ये त्याच्या मुलाच्या लग्नाच्या मेजवानीला वापरला गेलेला. 20 एप्रिल 1944 ला बंदरात स्फोटकांनी भरलेलं एक डच जहाज उडालं तेव्हा त्याचं छप्पर गेलं. आज दिसतं ते नंतर पुन्हा बांधलेलं. मासळीबाजार पाहायला जा, जेवायला नको. त्यापेक्षा एखाद्या बेकरीतला दालचिनीचा गोल पाव घ्या. त्याला तिथे शिलिंग्सबोले म्हणतात.

आता सेंट यॉर्गनचं रुग्णालय. रेल्वे स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, रस्त्याला लागून असलेल्या पांढऱ्या लाकडी इमारती. पंधराव्या शतकापासून इथे कुष्ठरोगी राहत होते. आत एक लांब, दोन मजली दिवाणखाना आहे आणि दोन्ही बाजूंना, खाली आणि वर, अगदी लहान खोल्या. पलंग, छोटं टेबल, संपलं. अशा एकेका खोलीत दोन-तीन माणसं राहायची. आत आलं की बहुतेकांचं आयुष्य इथेच जायचं. इथल्या वेल्हावेन नावाच्या पाद्र्याने 1816 मध्ये लिहिलं की ही जिवंत माणसांची दफनभूमी आहे. शेवटचे दोन रुग्ण 1946 मध्ये वारले. पन्नासहून जास्त वर्षं ते इथेच होते.

बाबा प्रत्येक खोलीच्या दारात थांबत होते. मी विचारलं, "बाबा, बसायचं का थोडं?" तर म्हणाले, "अगं, थांब. रजिस्टर कुठेय ते बघू दे आधी." त्यांना माहीत होतं. 1856 मध्ये नॉर्वेने देशातल्या प्रत्येक कुष्ठरोग्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. एखाद्या रोगाची अशी देशव्यापी नोंदवही जगात त्याआधी नव्हती. गावोगावच्या डॉक्टरांनी नाव, गाव, वय, घरात आणखी कोणाला आहे का, हे सगळं लिहून पाठवायचं. हा रोग आनुवंशिक आहे असं तेव्हा भलेभले मानत होते. बर्गनचा डॉक्टर गेरहार्ड आर्माउअर हान्सेन याने याच नोंदींवरून माग काढला की हा वंशातून नाही, माणसाकडून माणसाकडे जातो. 1873 मध्ये रुग्णांच्या गाठींतल्या पेशींत त्याला सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखे जंतू दिसले. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला त्याच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. गंमत नाही, हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत आजही वाढवता आलेला नाही. बर्गनचे हे सारे कागद 2001 पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहेत.

आपल्याकडचे कार्यकर्ते उन्हातान्हात जी रजिस्टरं भरत होते, त्याची सुरुवात इथली. बाबांनी ते मला लहानपणीही सांगितलं असेल, पण त्या काचेपुढे उभं राहून ऐकल्यावर मला त्यांचं काम पहिल्यांदा नीट कळलं. एकेक नाव लिहिल्याशिवाय रोग दिसत नाही, असं ते म्हणाले.

याच इतिहासातली एक काळी बाजूही आहे. हान्सेनने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिला न विचारता रोगाचा अंश टोचला. 1880 मध्ये त्याच्यावर खटला झाला, आणि रुग्णालयातलं पद त्याला सोडावं लागलं. एकोणिसाव्या शतकात रुग्णाची संमती न घेतल्याबद्दल एवढ्या मोठ्या डॉक्टरला शिक्षा झाली, याचं मला अप्रूप वाटलं. बाबांना नाही वाटलं. ते म्हणाले, "बरोबरच झालं. पेशंट गरीब असला म्हणून काय झालं?" हान्सेनच्याच आग्रहाने 1877 आणि 1885 मध्ये रुग्णांना वेगळं ठेवण्याचे कायदे झाले. आपल्याकडे तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकात 2019 पर्यंत होतं. डहाणूत पाड्याबाहेर वेगळी खोपी करून ठेवलेली माणसं बाबांनी पाहिली होती. सेंट यॉर्गनच्या चर्चमधल्या बाकावर बसून त्यांनी मला त्यातल्या काहींबद्दल सांगितलं. औषध वेळेवर मिळाल्यावर बोटं शाबूत राहिलेल्या एका बाईबद्दल ते सगळ्यात जास्त बोलले.

हे संग्रहालय वर्षभर उघडं नसतं, मुख्यतः उन्हाळ्यातच असतं, तेव्हा जाण्याआधी वेळा पाहून घ्या. आरोग्य खात्यात, आनंदवनात किंवा अशा कुठल्याही कामात ज्यांनी वर्षं घातली, त्यांनी बर्गनला गेलात तर ही जागा पहिली ठेवा. निम्मा दिवस द्या. घाईत पाहायची जागा नाही ही.

ढग फुटले त्या संध्याकाळी फ्लोयेनला गेलो. 1918 पासून चालणारी ही दोराची रेल्वे बाजाराजवळूनच सुटते आणि काही मिनिटांत 320 मीटर उंचीवर नेते. वर गेल्यावर बर्गनची बांधणी समजते. डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शहर, बोटाएवढं बंदर, पुढे बेटं आणि मग खुला समुद्र. गुडघे दुखत असतील तर जाऊन-येऊन रेल्वेनेच करा. ठीक असाल तर उतरताना जंगलातल्या वाटेने चालत या, पाऊण तास लागतो. बाबा रेल्वेने उतरले, मी चालत. याहून उंच म्हणजे 643 मीटरचा उल्रिकेन, त्याला केबलकार आहे. तो मात्र आमच्या मुक्कामात ढगातून बाहेर आलाच नाही.

ट्रोल्डहाउगेनसाठी ट्रामने होप स्टॉपला उतरून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. संगीतकार एडवर्ड ग्रीग इथे 1885 पासून राहिला. उन्हाळ्यात दुपारी अर्ध्या तासाचा पियानोचा कार्यक्रम असतो. सभागृहाला पियानोच्या मागे मोठी काच आहे आणि तिच्यातून तळ्याकाठची त्याची लिहायची छोटी खोपटी दिसते. पाश्चात्य संगीतातलं आम्हा दोघांनाही काही कळत नाही, तरी तिकीट काढाच असं सांगेन. घराच्या आवारात कड्याच्या दगडात त्याची समाधी कोरलेली आहे.

मुक्काम संपल्यावर ऑस्लोला विमानाऐवजी रेल्वेने गेलो. 1909 मध्ये सुरू झालेली ही लाइन पठारावरून जाते. फिन्से स्टेशन 1222 मीटर उंचीवर आहे आणि जूनमध्येही तिथे रुळाच्या दोन्ही बाजूंना बर्फ होता. प्रवास साधारण सात तासांचा. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. आम्ही ते व्हिसा हातात आला त्याच दिवशी काढून ठेवलं होतं.